डोक्यावर वजन नको

कळमनुरीत मे महिन्यात कुणी घर बघायला बोलावलं की मी आधी शिडी मागतो. दुपारी तीनला पत्र्याला आतून तळहात लावून बघा, क्षणभर टेकवत नाही. स्लॅबचं दुखणं निराळं. दुपारी तो त्यातल्या त्यात बरा वाटतो आणि रात्री, बाहेर वारा सुटल्यावर, दिवसभराची धग अंथरुणावर सोडत बसतो. घरमालकाचा प्रश्न मात्र ठरलेला, "मिस्त्री, कूलर केवढा घेऊ?" घ्या की, पण छताचं आधी बघू.

माळवदाच्या घरात हा प्रश्न नव्हता. लाकडी तुळया, त्यावर किलचान, वर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि मधे साणं, म्हणजे ऊब वरच्या वर निघून जायची. तसं घर बांधून द्या म्हणणारे अजून येतात, बहुतेक शहरात राहून आलेले. मी नाही म्हणतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीकडं भूकंपात माणसं गाडली गेली ती याच मातीखाली आणि दगडाच्या जाड भिंतींखाली. माळवदावरचा भरवसा तेव्हा उडाला. पत्रा हलका, म्हणून लोकांनी तो पत्करला. त्याचं तापणंही पत्करलं. आपल्याकडं तर 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. जुलैच्या धक्क्याचं केंद्र याच तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ. मार्चमध्ये पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं प्रशासनाला सांगावं लागलं होतं. (पत्रा हुक-बोल्टनं आवळला तर दगड लागतच नाहीत, पण बोल्टला पैसे पडतात आणि दगड फुकट.) त्यामुळं गारव्यासाठी वर माती टाका, विटा रचा, असलं काही मी सुचवत नाही. कडबा रचायचा तर आगीची धास्ती. उरतो पांढरा रंग. ऊन आत शिरायच्या आधीच तो परत फेकतो आणि त्याला वजन म्हणावं असं नाही. शेजारच्या तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं सरकारी धोरणच काढलं.

स्लॅबला साधा चुना पुरतो. कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजवायचा. पाणी पडताच तो खदखदतो. पोरं लांब ठेवावीत आणि डोळे सांभाळावेत. सकाळी फडक्यातून गाळायचा, थोडा फेविकॉल घालायचा. स्लॅब तारेच्या ब्रशनं घासून, भेगा बुजवून, धुऊन ठेवायचा. हात मारायचा तो ऊन कलल्यावर, ओलसर स्लॅबवर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला ओल आणि सवड लागते. भर उन्हात मारलेला चुना बोटाला भुकटी होऊन लागतो. ओला असताना तो पांढरा दिसतच नाही. राखाडी पाणी फासल्यासारखं दिसतं आणि मालक माझ्याकडं संशयानं बघतो. त्याला म्हणतो, सकाळी बघा. दुसरा हात पहिल्याला आडवा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, काही धुऊनही जातो, म्हणून हे काम दर साली होळी झाली की काढावं.

पत्र्यावर चुन्याच्या भानगडीत पडू नये. पत्रा तापून फुगतो, रात्री आकसतो आणि चुना पापुद्रे धरून सुटतो. तिथं गंज घासून पांढरा ॲक्रिलिक रंग द्यावा. तेवढेही पैसे नसतील तर पत्र्याखाली हातभर जागा सोडून तुराट्यांचा ताटवा बांधावा, चुलीवरची बाजू सोडून. तुराट्या आपल्या शिवारात कुठंही मिळतात. मात्र मधल्या जागेतून वारा आरपार गेला पाहिजे. दोन्ही टोकं लिंपून टाकली तर गरम हवा तिथंच कोंडते.

एवढं झालं की मग कूलर. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळं तो इथं चांगला चालतो. पण लोक खोली बंद करून लावतात आणि तासाभरात अंग चिकचिकलं की कंपनीला शिव्या देतात. कूलर एका खिडकीत ठेवून समोरची खिडकी उघडी टाका, ओली हवा बाहेर पडू द्या. वळवाचा पाऊस होऊन हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.