काळ्यावरचं हिरवं

मे महिन्यात ते काळं असायचं. आमच्या बालाघाटच्या घरामागे विहीर, विहिरीला लागून धुण्याचा दगडी ओटा, आणि ओट्याच्या उत्तरेकडच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नसे, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा एक थर. नखाने खरवडला की भुकटी व्हायची. मृगाचा पहिला पाऊस पडला की थोड्या वेळात तोच थर हिरवागार. उगवला, वाढला असं काही नाही, नुसता हिरवा झाला. मला वाटायचं, पाऊस वरून रंग घेऊन येतो. आजी म्हणायची, "थे आतच रायते. झोपून रायते."

घरी त्याला शेवाळ म्हणत, शाळेत काई. आमच्याकडच्या मराठी मुलांना बहुतेक वस्तूंची अशी दोन नावं तोंडपाठ असतात. आजीचा संसार सुरू झाला तेव्हा प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि आमचे अर्ज भोपाळकडे जाऊ लागले. पाढे आम्ही हिंदीत पाठ केले, पण भूक लागली की मराठीतच लागायची.

वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होते. ही खाण जमिनीखाली खोल जाते. शहरापासून जवळच आहे. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा कानाच्या पाळ्यांवर, नखांच्या कडांत, कॉलरच्या घडीत काळं बसलेलं असे. टॉर्चचा जुना सेल फोडला की आतून काळी भुकटी निघते ना, तीही मँगनीजचीच, हे वडिलांनी मला एकदा कागदावर भुकटी ओतून दाखवलं होतं. आई त्यांचे कपडे ओट्यावर धोपटायची. ते काळं पाणी उताराने उत्तरेकडच्या त्याच अंगाला, शेवाळावरून वाहत जायचं.

पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल यायचे. एका वर्षी कुंभारणीने बैलांच्या टोपलीत एक बाहुली ठेवून दिली. वितीएवढी, भाजलेली, नाक तेवढं चिमटीने ओढलेलं. डोळे नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदच्या सकाळी, सगळं गाव बाहुलं घेऊन शिवेकडे निघालं, त्या गर्दीत माझ्या हातून ती पडली आणि तिचा उजवा हात कोपरापासून तुटला. तुटकी बाहुली घरात ठेवत नाहीत म्हणून मी तिला ओट्याच्या कोनाड्यात उभं केलं. पुढच्या पावसाळ्यात तिच्या पावलांना शेवाळ धरलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिला कमरेपर्यंत परकर आला. तुटल्या हाताची खोक भरून निघाली, तिथे हिरवी गादी झाली. आजीने विहिरीतल्या साती आसरांच्या गोष्टी सांगितलेल्या होत्या, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणींच्या. ही त्यांची धाकटी, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. दुपारी सगळे झोपले की मी तिच्यासमोर बसून राहायची. ती काही बोलत नसे. मी बोलत असे.

दर शनिवारी ओटा घासायचं काम माझं. राख, विटेचा तुकडा आणि नारळाची शेंडी. शेवाळ घासलं तर बाहुलीचा परकर जाईल म्हणून कोनाड्याजवळचा हातभर भाग मी सोडून द्यायची. कोणाच्या लक्षात येत नसे.

१९७८ च्या श्रावणात, एका सोमवारी पहाटे, आजी पूजेचं पाणी काढायला गेली आणि त्याच हातभर भागावर घसरली. खुबा मोडला. त्यानंतर चार वर्षं ती बाजेवर होती. मी दहा वर्षांची होते. मी कोणालाही काही सांगितलं नाही.

आईने त्याच आठवड्यात सगळा ओटा चुन्याने धुऊन काढला. कोनाडाही. बाहुलीला शेंडीने घासून लाल केलं आणि माझ्या हातात दिलं, "ठेव, तुझीच न हे?" मी ती आजीला दाखवायला नेली. का नेली, ते मला अजून सांगता येत नाही. कदाचित बाहुली पुढे केली की मला सांगावं लागणार नाही, असं वाटलं असेल. आजीने तिला हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काहून उघडी केली वं तिले?"

आजीला माहीत होतं का? हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती बाजूंनी फिरवून पाहिलं असेल! तिने रागाचा एक शब्द कधी काढला नाही. बाज खिडकीजवळ होती, खिडकीतून ओटा दिसायचा, चुन्याने पांढराफटक. तिला जाणवलं ते उघडेपण बाहुलीचं, ओट्याचं, की समोर उभ्या असलेल्या माझं?

पुढे कॉलेजात प्रॅक्टिकलला फ्युनारिया आला. काचपट्टीवर एक हिरवं रोप, वर बारीक दांडीवर टोपी घातलेली कुपी. सरांनी सांगितलं, याला फूल नाही, बी नाही, खरं मूळही नाही. धरून ठेवण्यापुरते धागे आहेत, पाणी ते पानांनीच पितं. आणि अशा वनस्पतींतल्या कितीतरी जाती पार वाळून काळ्या पडल्या तरी मरत नाहीत, पाणी मिळालं की पुन्हा चालू होतात. मी सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून ऐकत होते. आजी तेव्हा गेलेली होती. 'झोपून रायते' हे तिने पुस्तक न वाचता सांगितलं होतं.

तेव्हाच हेही कळलं की आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन निरनिराळी कुळं आहेत. पाण्यातलं, बुळबुळीत, ते शैवल. दगडावरची मखमल ती वेगळी. (मसाल्यातलं दगडफूल आणखी तिसरंच, तिथे बुरशी आणि शैवल एकत्र नांदतात.) पाय घसरवतो तो बहुतेकदा बुळबुळीत थर, मखमल नव्हे. हे कळून माझं ओझं हललं नाही. त्या शनिवारी घासायचं तर दोन्ही होतं.

नोकरी लागली ती लामट्याकडच्या एका शाळेत, चित्रकलेची. रोज छोट्या लाइनने जायचं. बालाघाटहून नैनपूरकडे जाणारा तो अडीच फुटी रूळ, चारेगाव, लामटा, दोन्ही बाजूंनी जंगल. पावसाळ्यात जिथे डोंगर कापून रूळ नेला होता तिथे दगडी भिंती खिडकीच्या इतक्या जवळून जायच्या की हात बाहेर काढला तर बोटं ओली व्हावीत. सगळी भिंत हिरवी. गाडीचा वेग असा की एकेक दगड नीट पाहून घेता येई. त्या भिंतींत मला माणसं दिसायची, पाठ करून बसलेली, डोक्यावर बोचकं घेतलेली, मान खाली घातलेली पोरं. २०१५ साली ती लाइन बंद झाली. आता रुंद रूळ आहे, गाड्या वेगाने जातात, भिंती दूर सरकल्या आहेत. सोय झाली, ते चांगलंच. त्या भिंतींतली माणसं मात्र मला पुन्हा दिसली ती फिनलंडमधल्या एका मूर्तिकाराच्या कामात.

किम सिमोन्सन त्याचं नाव. १९७४ साली हेलसिंकीत जन्मलेला, मातीकाम शिकलेला. मी पाहिली ती छायाचित्रंच. एका पांढऱ्या खोलीत उभी असलेली मुलं, नखशिखान्त हिरवी. कोणाच्या डोक्यात पिसं खोवलेली, कोणाच्या पाठीवर बोचकं. जणू परीकथेतून वाट चुकून आली आहेत आणि किती वर्षं एकाच जागी उभी आहेत कोण जाणे. त्यांच्याबरोबर मोठं माणूस एकही नाही. पाहताना माझ्या तळहाताला शेंडीचा खरखरीतपणा जाणवला.

आधी मला वाटलं, खरंच शेवाळ वाढवलं असेल. मग वाचलं. मूर्ती भाजलेल्या मातीची. तिच्यावर तो काळा रंग चढवतो आणि त्या काळ्यावर नायलॉनचे बारीक तंतू बसवतो. या पद्धतीला फ्लॉकिंग म्हणतात. एरवी गोंदाच्या थरावर तंतू सोडताना त्यांना विजेचा भार देतात, म्हणजे ते आडवे न पडता गवतासारखे उभे रोवले जातात. सोनाराच्या डबीतली मखमल अनेकदा अशीच केलेली असते. पण मी थांबले ते तंतूंच्या रंगापाशी. ते तंतू हिरवे नाहीत, पिवळे आहेत. काळ्यावर पिवळं बसलं की डोळ्याला शेवाळ दिसतं.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. इतकी वर्षं मुलांना निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो हे शिकवत आले. काळ्यात पिवळा मिसळला की मळकट शेवाळी हिरवा येतो, हेही रंगपेटीशी खेळताना हाताला माहीत झालेलं होतं. पण काळं न मिसळता खालीच ठेवायचं, ते झाकायचं आणि तरी त्याला वरून उमटू द्यायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खालचं काळं खरवडून काढलं तर ती मुलं नुसती पिवळी राहतील.

सिमोन्सन फिस्कार्स नावाच्या गावात काम करतो. १६४९ साली तिथे लोखंडाचा कारखाना सुरू झाला. नारिंगी मुठीची कात्री जगभर ज्या नावाने ओळखली जाते ते हेच गाव. कारखान्याचं काम तिथून हललं आणि रिकाम्या इमारतींत कलावंत येऊन राहिले. लोखंडावर जगलेल्या त्या गावाशी मला उगीच सोयरीक वाटली, कारण पोलाद करताना मँगनीज लागतं आणि माझं शिक्षण त्या काळ्या दगडाच्या पगारावर झालं. मातीच्या भांड्यांवर काळी नक्षी काढायलाही माणसाने मँगनीज फार पूर्वीपासून वापरलं आहे. भरवेलीचं काळं मी जन्मभर धुवायची वस्तू म्हणूनच पाहिलं होतं.

ती छायाचित्रं मी वर्गात नेली. आमच्या मुलांना हिरवळ करायची ठाऊक असते. जन्माष्टमीच्या झांकीत लाकडाचा भुसा हिरवा रंगवून डोंगर करतातच. मी म्हटलं, भुसा पिवळा रंगवू. मुलांनी मातीची माणसं केली, कुंभाराने ती आपल्या आव्यात पणत्यांबरोबर भाजून दिली, मग काळा रंग, डिंक, आणि पिवळा भुसा. तंतू नसल्यामुळे मखमल आली नाही, खडबडीत आलं. पण दारापासून पाहिलं तर हिरवं. एका मुलीने आपल्या बाहुल्याचा एक हात भुशाविना काळाच ठेवला. मी कारण विचारलं नाही.

बाहुली इतकी वर्षं ट्रंकेत होती, जुन्या साडीत गुंडाळलेली. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तिला बाहेर काढलं. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, ओट्यावर कोणी कपडे धूत नाही, पाणी नळाने येतं. येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी खडबडीत करून घेतली आहे आणि ती मी दर शनिवारी घासते. कोनाडा वाटेपासून दूर, तिथे बाहुलीला उभं केलं. पावसाळाभर रोज पाहिलं. काही झालं नाही. भाजलेल्या मातीवर पावसाचे डाग पडले तेवढेच. दिवाळीनंतर मी पाहणं सोडून दिलं.

या मे महिन्यात आईला घेऊन मागे गेले. ती आता शहाऐंशीची आहे, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालते. कोनाड्याशी येऊन ती वाकली. बाहुलीच्या पावलांभोवती काळा पापुद्रा धरला होता, नखाएवढा.

"हे तुझ्या आजीवालं," आई म्हणाली.

तेव्हा मी तिला शनिवारचं सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांनी, उन्हात उभं राहून, दोन वाक्यांत. आई काही बोलली नाही. तिच्या हातात तुळशीला घालून उरलेल्या पाण्याचा गडू होता. तो तिने बाहुलीच्या पायांवर हळूहळू रिकामा केला, आणि आम्ही दोघी ओट्याच्या कडेला बसून राहिलो.