पासवर्ड नको, किल्ली हवी



दिवाळी झाली की आमच्या जामसर भागातली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात. कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे. बरोबर मुलंही जातात. परत आल्यावर कोण कुठपर्यंत वाचत होतं, ते समजावं म्हणून मी प्रत्येकाचं वाचन रेकॉर्ड करून वर्गातल्या जुन्या संगणकात ठेवतो. एकदा वीज गेली-आली आणि हार्ड डिस्कच बसली. वर्षभराचे आवाज गेले. मुलं परत आली तेव्हा माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

मग कार्यालयातला दुसरा संगणक घेतला. दोन्हींवर लिनक्स टाकलं. रोज साडेचारला वर्गातल्या फाइली आपोआप तिकडे जाव्यात अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली. पण दुसरा संगणक पासवर्ड मागायचा आणि स्क्रिप्ट तिथंच अडून बसायची. आपण हुशार! पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून टाकला.

एक दिवस चौथीतला एक जण पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागला, "जामसर, एक, दोन, तीन, चार. गुरुजी, हा पासवर्ड आहे ना?" वाचायला मीच शिकवलं होतं. रागावणार कुणावर?

त्या रात्री एसएसएचच्या किल्ल्यांबद्दल वाचलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. त्यात दोन किल्ल्यांची जोडी बनवता येते. एक खाजगी, ती आपल्या संगणकातच राहते. दुसरी सार्वजनिक, ती कुलपासारखी, समोरच्या संगणकावर बसवायची. ज्याच्याकडे खाजगी किल्ली, त्यालाच आत प्रवेश. किल्ली स्वतः तारेवरून जातच नाही.

मी दिशाही उलटी केली. किल्ली कार्यालयातल्या संगणकावर बनवली, कारण ती खोली कुलपात असते. सार्वजनिक किल्ली वर्गातल्या संगणकाच्या 'ऑथोराइज्ड कीज' फाइलमध्ये घातली. आता कार्यालयच वर्गातून फाइली ओढून घेतं. मुलांच्या हाताशी असलेल्या संगणकात कसलीच किल्ली नाही.

पहिल्यांदा चाललं नाही. एसएसएचच्या फोल्डरची परवानगी सैल होती. फोल्डरला ७०० आणि खाजगी किल्लीला ६०० दिल्यावर जमलं. ओळख पटवण्यासाठी पहिल्या वेळी 'यस' मात्र हातानं लिहावं लागलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रिप्ट आपोआप चालावी म्हणून या किल्लीला परवलीचा शब्द ठेवला नाही. म्हणजे फाइल ज्याच्या हाती लागेल, त्याला दार उघडं. म्हणून ही किल्ली फक्त कार्यालयाच्या संगणकावरूनच चालेल आणि फक्त वाचनाचं ते एकच फोल्डर वाचू शकेल, असं बंधन घातलं. घराची सगळी किल्ल्यांची जुडी शेजाऱ्याला देतो का आपण? एका खोलीची देतो.

आपल्यापैकी किती जणांचे पासवर्ड कपाटाच्या दाराआड चिकटवलेले असतात, हे मी सांगायला नको. माझाही होता.

शेवटचं. बॅकअप झाला असं स्क्रिप्ट सांगते, पण मी दर शनिवारी एक फाइल उघडून ऐकतो. मागच्या आठवड्यात भट्टीवर गेलेल्या एका मुलीचा आवाज लागला. 'घर' पर्यंत आली होती, पुढच्या शब्दाला अडखळली होती. ती येईल तेव्हा तिथूनच सुरू करणार आहे.