दिल्लीचे धुरके आणि कृष्णविवरांचे वारे

हिवाळ्यात दिल्ली, नोएडा आणि गुरुग्रामवर धुरके उतरले की रात्रीच्या आकाशात मोजून चार-पाच तारे उरतात. खगोलशास्त्राचा अभ्यास करायला याहून गैरसोयीचे शहर शोधूनही सापडणार नाही, असे कुणालाही वाटेल. तरीही विश्वातील अत्यंत वेगवान वाऱ्यांचा अभ्यास या शहरातल्या एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत बसूनही करता येतो. हे वारे क्ष-किरणांतून ओळखले जातात आणि पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना कुठेच खाली येऊ देत नाही. दिल्लीचे धुरके असो वा लडाखमधील हान्लेचे नितळ आकाश, क्ष-किरणांच्या दृष्टीने दोन्ही सारखीच अपारदर्शक आहेत. उपग्रहावाचून गत्यंतर नाही, आणि ही अडचण सर्वांना समान आहे.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याभोवती वायूची चकती फिरू लागली आणि तो वायू आत पडू लागला की केंद्र प्रखर तेजाने उजळते. अशा दीर्घिकेला सक्रिय दीर्घिका म्हणतात. कृष्णविवर सारे काही गिळते, हा समज येथे अपुरा ठरतो. आत येणाऱ्या वायूपैकी बराचसा भाग क्षितिज ओलांडण्यापूर्वीच बाहेर फेकला जातो, आणि काही दीर्घिकांत त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या दहा टक्क्यांहून अधिक, क्वचित तीस टक्क्यांपर्यंत असतो.

हा वारा थेट दिसत नाही. मागून येणाऱ्या क्ष-किरणांपैकी तो जे अडवतो, त्यावरून त्याचा माग लागतो. वायूतील लोहाच्या अणूंचे जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. सव्वीसपैकी दोनच इलेक्ट्रॉन उरले असतील तर लोह ६.७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास क्ष-किरण शोषते. एकच उरला असेल तर ६.९७ च्या आसपास. वर्णपटात त्या जागी एक बारीक खाच दिसते. वायू आपल्या दिशेने येत असेल तर डॉप्लर परिणामामुळे ती अधिक ऊर्जेकडे सरकते. प्रकाशाच्या वेगाच्या पाव वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७५,००० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाऱ्यात ६.९७ ची खाच ९.० वर जाते. दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या पीडीएस ४५६ या क्वेसारच्या बाबतीत विश्वाच्या प्रसरणामुळे ती पुन्हा १.१८४ पटीने खाली येते आणि दुर्बिणीला ७.६ च्या आसपास दिसते. एवढ्या सरकण्यातून वाऱ्याचा वेग हाती लागतो.

अणूचे इलेक्ट्रॉन निघतात कसे, या प्रश्नाशी दिल्लीचा जुना संबंध आहे. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये तापमान आणि दाब यांवरून वायूतील आयनीभवनाचे प्रमाण सांगणारे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लागू लागला. पुढे लोकसभेचे सदस्य झालेल्या साहांचा मृत्यू १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीतच, नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना झाला. अलाहाबादला त्यांच्या हाताखाली शिकलेले दौलतसिंह कोठारी १९३४ पासून दिल्ली विद्यापीठात होते. श्वेत बटूंसारख्या अतिघन ताऱ्यांत केवळ दाबानेही अणूंचे आयनीभवन होते, हा त्यांचा महत्त्वाचा विचार. सक्रिय दीर्घिकेच्या वाऱ्यात मात्र उष्णता किंवा दाब हे मुख्य कारण नसते. तेथे केंद्राचा क्ष-किरण प्रकाशच इलेक्ट्रॉन उखडून काढतो, म्हणून साहांचे समीकरण तेथे जसेच्या तसे लावता येत नाही. तेथील आयनीभवन केंद्राची तेजस्विता, वायूची घनता आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणोत्तरावर ठरते.

या गुणोत्तरात एक पेच आहे. वर्णपटातून गुणोत्तर कळते, तेजस्विताही मोजता येते. पण घनता आणि अंतर सुटे होत नाहीत. वारा जवळचा आणि दाट आहे की दूरचा आणि विरळ, हे एका खाचेवरून सांगता येत नाही. दरवर्षी किती वस्तुमान बाहेर पडते याचा हिशेब मात्र त्यावरच अवलंबून असतो. घनता, अंतर आणि विस्तार तेच राहिले तर वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट.

एवढ्या सूक्ष्म खाचेची काळजी का करायची? कारण दीर्घिकेच्या मधल्या फुगीर भागातील ताऱ्यांच्या गती आणि केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान यांचा घट्ट संबंध २००० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवला. त्या भागाच्या तुलनेत कृष्णविवराचे वस्तुमान हजारात एक-दोन भाग इतकेच असते. आकाराने तर ते नगण्य. मग एवढ्याशा वस्तूला दीर्घिकेची वाढ कशी जुमानते? वेगवान वारे हे त्याचे एक संभाव्य उत्तर आहे. केंद्राच्या तेजस्वितेच्या काही टक्के ऊर्जा जरी वाऱ्यातून भोवतालच्या वायूला मिळाली, तरी नव्या ताऱ्यांसाठी लागणारा वायू तापू शकतो किंवा बाहेर ढकलला जाऊ शकतो. दीर्घिकेत तारे जन्मणे थांबते का, हा प्रश्न त्या खाचेवर येऊन ठेपतो.

म्हणूनच खाच खरी आहे की नाही, हा वाद कळीचा ठरला. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीच्या आधारे केन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पीजी १२११+१४३ या क्वेसारमधील अतिवेगवान वारा मांडला. त्यापाठोपाठ इतर दीर्घिकांतूनही असे दावे येऊ लागले. २००८ मध्ये सायमन वॉन आणि फिल अटली यांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली: जाहीर झालेल्या बऱ्याच रेषा मान्यतेच्या उंबरठ्याच्या जेमतेम वर होत्या. हिशेब साधा आहे. एका ठरावीक ठिकाणी निव्वळ गोंगाटामुळे खाच दिसण्याची शक्यता शंभरात एक असेल, आणि आपण ती तीस स्वतंत्र ठिकाणी शोधत असू, तर कुठेतरी खोटी खाच सापडण्याची शक्यता सव्वीस टक्क्यांवर जाते. त्यात न सापडलेल्या खाचेचा लेख कुणी लिहीत नाही. जे सापडले तेच छापले जाते.

या आक्षेपाला वक्तृत्वाने उत्तर देता येत नव्हते. फ्रान्चेस्को तोम्बेसी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ४२ सक्रिय दीर्घिका एकाच पद्धतीने तपासल्या, संगणकावर कृत्रिम वर्णपट तयार करून खोट्या खाचांचे प्रमाण मोजले आणि तरीही सुमारे एक तृतीयांश दीर्घिकांत असे वारे असल्याचे दाखवले. काही संशोधकांनी हे शोषण वाऱ्यात नसून वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या वरच्या थरात होत असावे, असाही पर्याय सुचवला. विज्ञानात शंका घेणारा हा त्या विषयाचा शत्रू नसतो. बऱ्याचदा त्याच्यामुळेच विषयाचे पाय जमिनीला टेकतात.

७ सप्टेंबर २०२३ रोजी जपानने एक्सरिझम उपग्रह सोडला. त्यावरील रिझॉल्व्ह हे उपकरण ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक ओळखते; नेहमीच्या सीसीडी उपकरणांना तेथे शंभराहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक लागतो. उपकरणाचे संरक्षक झाकण उघडलेच नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे क्ष-किरण गमावले गेले. लोहाच्या रेषांचा पट्टा मात्र सुदैवाने शाबूत राहिला. २०२५ मध्ये नेचरमध्ये पीडीएस ४५६ चे निरीक्षण प्रसिद्ध झाले. जेथे पूर्वी एक रुंद खाच दिसत होती तेथे प्रकाशाच्या वेगाच्या २० ते ३० टक्के वेगाने येणारे किमान पाच वेगळे प्रवाह निघाले. वारा सलग नव्हता, ढेकळाढेकळांचा होता. त्यातील ऊर्जा तर अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आणि नवा प्रश्न उभा राहिला: इतका जोर असूनही दीर्घिका उधळून कशी जात नाही? कदाचित वारा वायूच्या फटींतून निसटत असेल, कदाचित तो अधूनमधूनच वाहत असेल.

या चित्रात भारताची जागा लहान नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या अॅस्ट्रोसॅटवरील मऊ क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिची ताकद ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच आहे, म्हणून लोहाच्या सरकलेल्या रेषांसाठी ती अपुरी पडते; पण एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरण पाहण्याची सोय अॅस्ट्रोसॅटवर आहे, आणि चकती व वारा यांचे नाते समजण्यासाठी तीच हवी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन केली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले, ती मुळी अशासाठीच: ज्या विद्यापीठांकडे स्वतःची दुर्बीण नाही, तेथील शिक्षक-विद्यार्थ्यांनाही या विषयात काम करता यावे.

आज एक्सएमएम-न्यूटन आणि अॅस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. ती वाचण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. महाग राहते ती सवड आणि धीर: वर्णपटात खाच दिसल्यावर लेख लिहायला न बसता आधी हजार कृत्रिम वर्णपट तयार करणे, त्यांत तशीच खाच किती वेळा उमटते ते मोजणे, आणि ती वारंवार उमटत असेल तर 'येथे वारा आढळला नाही' असे स्पष्ट लिहिणे. अशा नकारांचीही नोंद झाली नाही, तर किती दीर्घिकांत वारे असतात या प्रश्नाचे उत्तर कायमच फुगलेले राहील. ही नोंद करण्यासाठी स्वच्छ आकाश लागत नाही. दिल्लीत बसूनही ती करता येते.