नावाचं भाडं

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हौसेनं नोंदवून ठेवलेलं डोमेन नाव एका हॉटेलवाल्याला हवं आहे, तो एकरकमी पैसे द्यायला तयार आहे आणि तुझा ओढा भाड्याने देण्याकडे आहे. माझंही मत भाड्याकडेच झुकतं. पण त्यात भाडेकरूचा न्याय सांभाळला गेला पाहिजे, म्हणून हे लांबलचक पत्र.

मुळात डोमेन नावाचा मालक म्हणवणारा माणूसही एका अर्थी भाडेकरूच असतो. डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतं. शुल्क थकलं आणि सवलतीची मुदतही टळली, की ते हातचं जातं. जे आहे ते वापराचा हक्क आहे, आणि तोच पुढे दुसऱ्याला देता येतो.

लासव्हेगस डॉट कॉम या नावाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. अमेरिकेतल्या त्या शहरात हॉटेलं आणि कार्यक्रमांची तिकिटं आरक्षित करून देणाऱ्या व्हेगस डॉट कॉम या कंपनीने 2005 मध्ये ते घेतलं. सुरुवातीला 1 कोटी 20 लाख डॉलर दिले. पुढे दरमहा हप्ता ठरला. पहिली तीन वर्षं 83 हजार, नंतर पाच वर्षं सव्वा लाख आणि त्यानंतर 2 लाख 8 हजार डॉलर. व्यवहाराची मुदत जून 2040 पर्यंत, एकूण रक्कम 9 कोटी डॉलरच्या घरात. घेणाऱ्याला एवढे पैसे एकदम काढावे लागले नाहीत, देणाऱ्याला वर्षानुवर्षांचं उत्पन्न मिळालं आणि हप्ते पुरे झाले की नाव वापरणाऱ्याचंच होणार.

मला त्यातली ही शेवटची गोष्ट मोलाची वाटते. आपल्याकडे कुळकायदा ज्या प्रश्नातून आला, तोच प्रश्न इथेही आहे. नुसतं नाव म्हणजे पडीक जमीन. हॉटेलवाला पाच वर्षं जाहिरात करील, गिऱ्हाईक जोडील, पाटीवर, बिलावर, मेनूकार्डावर ते नाव छापील. त्याच्या घामाने नावाची किंमत वाढेल आणि मुदत संपली की ती सगळी मालकाच्या खिशात जाईल. म्हणून ठरलेल्या किमतीला नाव विकत घेण्याचा हक्क करारात पहिल्या दिवसापासून लिहिलेला असावा. मालक दरवर्षी मनाला येईल तसं भाडं वाढवू लागला, तर शहाणा व्यापारी असलं नाव घेणारच नाही.

काही देणाऱ्यांना मात्र नाव कधीच विकायचं नसतं, आणि त्यांचंही बरोबर असतं. पॅसिफिकमधल्या तुवालू या जेमतेम 11 हजार वस्तीच्या देशाला डॉट टीव्ही हा प्रत्यय मिळाला. 2000 मध्ये त्यांनी तो एका अमेरिकी कंपनीला चालवायला दिला. 12 वर्षांत 5 कोटी डॉलर असा तो करार होता. त्याच वर्षी तुवालू संयुक्त राष्ट्रांचा 189वा सदस्य झाला, आणि त्याचा खर्च या पैशांमुळेच पेलता आला. पुढे चालवणारे बदलले, आधी व्हेरिसाइन आणि 2022 पासून गोडॅडी. प्रत्यय मात्र तुवालूचाच राहिला.

आता व्यवहाराचं. नोंदणीचं खातं मालकाकडेच राहतं. भाडेकरूच्या सर्व्हरकडे नाव वळवून दिलं की त्याचं संकेतस्थळ सुरू होतं. त्याला भीती असते ती मालक नूतनीकरण विसरण्याची, किंवा मधेच नाव तिसऱ्याला विकण्याची. त्यासाठी नाव तटस्थ मध्यस्थाच्या ताब्यात ठेवायची सोय असते, ती घ्यावी. मालकालाही धास्ती असतेच. भाडेकरूने फसव्या मेलचा मारा केला, तर नाव काळ्या यादीत जातं आणि तो डाग पुढच्या भाडेकरूला भोवतो. तसं घडल्यास करार लगेच संपेल, हे स्पष्ट लिहावं.

ईमेलचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. करार संपला की त्या नावावर येणारी पत्रं नाव ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे पोचू शकतात. त्यांत गिऱ्हाइकांचे पत्ते असतील, बँकेची पत्रं असतील, पासवर्ड बदलण्याचे दुवे असतील. म्हणून करार संपल्यावरही किमान सहा महिने मेल जुन्या भाडेकरूकडे वळवायची अट मी तरी सोडणार नाही.

आणखी एक. नाव 'मिसळ', 'गाव' असं सर्वसाधारण शब्दाचं असेल तर हरकत नाही. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी मिळतंजुळतं असेल, तर भाड्याचा विचारही नको. 1999 पासून लागू असलेल्या डॉट कॉम वादांच्या नियमांत, चिन्हधारकाला किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याला विकून किंवा भाड्याने देऊन खर्चाहून जास्त पैसे काढण्यासाठीच नाव नोंदवणं हा वाईट हेतूचा पुरावा मानला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या 2004 च्या निकालात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मान्य केलं.

तेव्हा आधी व्यापारचिन्हांच्या नोंदणीत शोध घे. मग भाडं, मुदत, वाढीचा दर आणि खरेदीची किंमत असे चार आकडे कागदावर मांड, आणि सही करण्याआधी मसुदा मला पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा