दुसऱ्या शिपायाचे एक वाक्य

रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला एकच वाक्य होते. ‘महाराज, दार लावू का?’ बस्स, एवढेच. राजा ‘लाव’ म्हणणार, मी दार लावल्यासारखे करणार आणि मग नाटक संपेपर्यंत, गोंदाने चिकटवलेली मिशी सांभाळत, पुठ्ठ्याचा भाला हातात धरून खांबासारखी उभी राहणार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शिपाई दुसरा’ असे छापले होते. पहिल्या शिपायाला दोन वाक्ये होती, ही गोष्ट मी घरी कोणाला कळू दिली नाही.

आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणण्याची रीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगवले, तेव्हापासून नाटक या गावच्या पाण्यातच आहे, असे जुनी मंडळी सांगतात. पाण्याचे मला माहीत नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत मूल घरात लोळताना दिसले की त्याला बालनाट्य शिबिरात घालावे, हे मात्र इथल्या आयांच्या अंगात नक्की मुरले आहे. माझी चौथीची परीक्षा संपली आणि तिसऱ्या दिवशी आईने मला अशाच एका शिबिरात नेऊन बसवले. ‘जरा धीट होऊ दे,’ ती सरांना म्हणाली. ‘घरात वाघ आणि बाहेर शेळी आहे.’ सर हसून म्हणाले, ‘आमच्याकडं शेळीचंही काम असतं.’

एका शाळेच्या सभागृहात बाके भिंतीला लावून शिबिर भरत असे. पहिले आठ दिवस नाटकाचे नावसुद्धा निघाले नाही. सर नुसते खेळ घेत. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. एक माणूस, दुसरा त्याचा आरसा. माणूस हात उचलील तसा आरशाने उचलायचा. मी माणूस झाले की भराभर हातवारे करी आणि आरसा गोंधळला की मला वाटे, जिंकले! तिसऱ्या दिवशी सर माझ्यापाशी येऊन थांबले.

‘आरसा का फुटला?’

‘त्याला जमत नाही, सर.’

‘मग त्याला जमेल इतकं सावकाश कर. माणूस कोण आणि आरसा कोण, हे बघणाऱ्याला कळता कामा नये.’

हे मला फार अवघड गेले. ज्यात कोणाला हरवायचे नाही असा खेळ मी तोवर खेळलेच नव्हते. दुसरा एक खेळ होता. एकाचे डोळे रुमालाने बांधायचे आणि दुसऱ्याने त्याचे बोट धरून, तोंडातून शब्द न काढता, त्याला बाकांच्या मधून फिरवायचे. डोळे बांधलेल्याची भीती आपल्या ओळखीची असते. नेणाऱ्याला जी भीती वाटते ती मला तिथे प्रथम कळली. बाकाचा कोपरा त्याच्या गुडघ्याला लागला तर तो माझ्यामुळे लागणार होता.

नवव्या दिवशी भूमिका वाटल्या. झोप हरवलेल्या राजाची गोष्ट होती, सरांनीच लिहिलेली. राजाचे काम मिळाले ते बाजारात भडंगाची गाडी लावणाऱ्या गृहस्थांच्या मुलाला. गाडीवर गिऱ्हाइकांना हाका मारून मारून त्याचा आवाज खणखणीत झाला होता. शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा मान वर करून बघेल असा. राणी दुसरी एक मुलगी झाली. मी शिपाई. आईने सरांना विचारले, ‘फी तर सगळ्यांची सारखीच आहे ना?’ सरांनी राजाची फी घेतलीच नव्हती, हे मला पुढे कळले आणि माझा राग आणखी वाढला. नऊ वर्षांच्या माणसाची न्यायबुद्धी अशीच असते.

एक अडचण होती. राजाला वाचन नीट येत नसे. जोडाक्षर आले की तो दगडाला ठेच लागल्यासारखा थांबे. मग सरांनी तोड काढली. मी वाचायचे आणि त्याने ऐकून म्हणायचे. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर, कडुनिंबाच्या सावलीत, आम्ही दोघे रोज अर्धा तास बसत असू. तो कागदाच्या पुडीतून भडंग आणी. मी वाक्य वाचून दाखवी, तो ते डोळे मिटून दोनदा म्हणे आणि ते त्याचे होऊन जाई. त्याची सारी वाक्ये अशी माझ्या तोंडून त्याच्या तोंडात गेली. त्या सुट्टीत आम्ही सगळेच एकमेकांना भूमिकेच्या नावाने हाका मारत होतो. तो मला ‘शिपाई’ म्हणे, मी त्याला ‘राजा’. त्याच्या हाकेत मस्करी नव्हती. माझ्या हाकेत होती.

शिबिर संपताना पालकांनी टूम काढली, की नाटक शाळाशाळांच्या स्पर्धेत उतरवावे. सरांच्या ते मनात नव्हते. पुढे कॉलेजात आल्यावर पीटर स्लेड या इंग्रज नाट्यशिक्षकाविषयी वाचले, तेव्हा सरांच्या नाराजीचा अर्थ लागला. १९५४ साली स्लेडने ‘चाइल्ड ड्रामा’ नावाचे पुस्तक लिहिले. लहान मुलाचा खेळ हेच त्याचे नाटक आहे, त्याला लवकर रंगमंचावर चढवून प्रेक्षकांसमोर उभे करू नये, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ आणले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण बघून तर पिढ्यानपिढ्यांची मुले घाबरली आणि हसली. पुण्यात १९८६ पासून मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची वाट धरली, तिथे तर मोठी माणसेच मुलांची कामे करतात. या साऱ्यांचे मोठेपण मी मानते. पण त्या नाटकांत मुले मुख्यतः खुर्चीत बसलेली असतात. स्वतः विंगेत उभे राहून घाम पुसणाऱ्या मुलाचे काय होते, हा प्रश्नच निराळा. स्लेडचे म्हणणे मला सगळे पटत नाही. पायऱ्यांवर बसून आमचे नाटक तिथेच संपले असते, तर माझ्याविषयीची एक गोष्ट मला कधीच कळली नसती.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेले. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. माझे वाक्य दुसऱ्याच मिनिटाला आले आणि गेले. मग मी मोकळी. दरबाराचा प्रवेश आला. राजाने सिंहासनावरून उठून म्हणायचे होते, ‘ज्याला माझी झोप सापडेल त्याला अर्धे राज्य देईन! पिटा दवंडी!’ तो उठला, हात वर केला. ‘ज्याला माझी...’ म्हणाला आणि थांबला.

रंगमंचावरचा एक क्षण किती लांब असतो, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. विंगेतून ताई वाक्य सांगत होत्या. पण डोक्यावर पंखे घरघरत होते आणि समोर कुजबूज सुरू झाली होती. मी राजापासून दोन पावलांवर होते. ते वाक्य मीच त्याला दिले होते. ‘महाराज, झोप!’ एवढे हळूच म्हटले असते तरी पुरे होते. शिपायाने तेवढे म्हटले म्हणून काही बिघडत नव्हते. मी म्हटले नाही. मी विसरले नव्हते, घाबरलेही नव्हते. मी बघत होते.

आणि मग झाड बोलले. आमच्या नाटकात तीन झाडे होती. त्यांतल्या मधल्या झाडाला तालमीतल्या अखंड बडबडीबद्दल शिक्षा म्हणून झाड केले होते. ते दोन्ही फांद्या हलवून ओरडले, ‘महाराजांना झोप नाही, म्हणून काही आठवत नाही! अहो, ज्याला झोप सापडेल त्याला अर्धं राज्य ना?’ सभागृहात असा हशा पिकला, की कुजबूज त्यात वाहून गेली. राजा क्षणभर झाडाकडे बघत राहिला आणि मग त्या खणखणीत आवाजात म्हणाला, ‘शाबास, झाडा! पिटा दवंडी!’ टाळ्या पडल्या. नाटक पुढे सरकले. ढाल आम्हाला मिळाली नाही. उत्तेजनार्थ एक प्रशस्तिपत्र मिळाले, ते झाडाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना गोल बसवले. कोणाला रागावले नाहीत. फक्त विचारले, ‘राजा थांबला तेव्हा पुढचं वाक्य कोणाकोणाला येत होतं?’ एकेक करून हात वर झाले. प्रधान, राणी, पहिला शिपाई, दोन्ही न बोललेली झाडेसुद्धा. मी हात वर केला नाही. राजा समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत बसला. बोलला काहीच नाही. त्या दिवशीही त्याने भडंगाची पुडी आणली होती. ती त्याने सगळ्यांत वाटली.

हे सारे मी विसरलेही असते. पण आईने तो प्रयोग मोबाइलवर टिपला होता. आईने टिपलेला, म्हणजे त्यात सबंध वेळ मीच आहे. राजा नाही, राणी नाही. त्यांचे नुसते आवाज बाहेरून ऐकू येतात. दोन-तीन वर्षांनी पाहुण्यांना कौतुकाने दाखवताना मी तो नीट पाहिला. ‘ज्याला माझी...’ असा आवाज येतो आणि थांबतो. आणि मिशीखाली माझे ओठ हलताना दिसतात. सबंध वाक्य. एकही अक्षर गाळलेले नाही, आणि आवाज नाही. पाहुण्या मावशी म्हणाल्या, ‘अगं बाई, हिला तर सगळंच पाठ!’

पुढच्या वर्षी राजा शिबिराला आला नाही. संध्याकाळी कधी गाडीवर दिसे, कांदा चिरताना. आईच्या स्कूटरवर मागे बसलेली मी तोंड दुसरीकडे फिरवी.

मी मात्र जात राहिले. सातवीपर्यंत शिबिरार्थी म्हणून आणि आता गेली दोन वर्षे ताई म्हणून. शिबिराच्या पत्रकावर ‘जीवनकौशल्ये’ असा मथळा असतो. त्याखाली आत्मविश्वास, संवादकौशल्य, नेतृत्वगुण, सभाधीटपणा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची भाषा आहे, त्यामुळे अलीकडे पत्रक जरा जाड झाले आहे. त्यातले काही खोटे नाही. मुले धीट होतात, माझ्या डोळ्यांसमोर होतात. पहिल्या दिवशी स्वतःचे नाव सांगताना रडणारा मुलगा पंधराव्या दिवशी राक्षस होऊन आरोळी ठोकतो. पण विंगेत चपला हातात घेऊन चालणे, दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना खोकला गिळणे, पुढच्या प्रवेशासाठी कोणाच्या तरी पाठीचे बंद अंधारात बांधून देणे, आपले वाक्य संपल्यावरही जागे राहणे, हे पत्रकात कुठे घालायचे? धीट तर मीही झाले होते. आईला हवी होती तितकी नक्कीच.

यंदाच्या मे महिन्यात एक बाई तणतणत आल्या. ‘माझ्या मुलीला एकच वाक्य का? ती किती स्मार्ट आहे!’ मी म्हटले, ‘बसा, तिलाच बोलावते.’ मुलगी आली. वेण्या घातलेली, आठ-नऊ वर्षांची, नाटकात तिला कोतवालाचे काम. मी विचारले, ‘तुला किती वाक्यं पाठ आहेत?’ तिने विचारले, ‘कोणाची?’ आणि मग एका दमात तिने पहिला प्रवेश म्हणून दाखवला. राजकन्येचा, चोराचा, म्हातारीचा, प्रत्येकाच्या आवाजात. आई बघतच राहिल्या.

त्या गेल्यावर मी मुलीला थांबवून घेतले. म्हटले, ‘आणि समज, प्रयोगात चोर मध्येच थांबला तर?’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी चोराची चहाडीच केली होती.

‘नाही थांबणार, ताई. त्याला येतं.’ मग थोडा विचार करून म्हणाली, ‘आणि मी जवळच उभी आहे ना!’