ठाण्याचं दार आतून बंद

देसाईगंजचं पोलीस ठाणं मी पाहिलेलं नाही. मला ते माहीत आहे निकालपत्रातून. २६ मार्च १९७२ची रात्र. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. बहिणीला पळवून नेल्याची फिर्याद भावाने दिली होती, म्हणून चौदा ते सोळा वर्षांच्या एका मजूर आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलेलं. जबाब झाले, बाकीच्यांना घरी जायला सांगितलं आणि तिला तेवढं थांबवलं. मग दिवे गेले, दार आतून लागलं. बाहेर नातेवाईक तिला हाका मारत होते.

तिचं नाव खटल्याला कायमचं चिकटलं. मी ते लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करू नये हा कायदा तिच्याच प्रकरणानंतर आला.

बलात्काराच्या या खटल्यात सत्र न्यायालयाने ठाण्यातला हवालदार आणि शिपाई दोघांनाही सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिपायाला पाच वर्षं आणि हवालदाराला एक वर्ष शिक्षा दिली. निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या खंडपीठाला कळलं होतं. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि शिपायाने हात धरला तेव्हा जवळच असलेल्या भावाला तिने हाक मारली नाही. हे वाचताना आजही माझं डोकं फिरतं. ज्याच्याविरुद्ध ओरडायचं, तोच तिथला पोलीस. ओरडून बोलवायचं कुणाला?

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३चा बदल झाला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षं. आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं.

कायदा बदलला. दारं? एप्रिल २००५मध्ये मुंबईत, मरीन ड्राइव्हच्या चौकीत, भर दिवसा एका शिपायाने महाविद्यालयीन मुलीवर बलात्कार केला. बाहेर माणसांनी फुललेला रस्ता. पुढच्या वर्षी त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली, हे खरं. पण दार लागलंच ना.

आणखी एक गोष्ट मला डाचते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितलं, साक्षीदार बाईला ठाण्यात बोलवू नका, जबाब तिच्या घरी जाऊन घ्या. सोयीची तरतूद म्हणून ती वाचता येते. मला मात्र त्यात सरकारचा कबुलीजबाब दिसतो: आमचं ठाणं बाईसाठी सुरक्षित नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं. कोठडीतला बलात्कार त्यांच्या कामात नावानिशी आहे. तरीही बाई पहिल्यांदा जाते ती ठाण्यातच, आणि फिर्याद लिहितो तो आरोपीचाच सहकारी. पोलिसाविरुद्धची अशी फिर्याद वर्दीबाहेरच्या माणसाने लिहून घ्यावी. एवढं झाल्याशिवाय १९८३चा कायदा अर्धाच राहील.