रुळांतील अंतर

आगगाडीच्या दोन रुळांत अंतर किती असावें, ही बाब गृहस्थाच्या घरखर्चाशीं कांहीं संबंध ठेवीत असेल असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटणार नाहीं. आम्हांस तसें वाटतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

लॉर्ड डलहौसीच्या अमदानींत येथें ५ फूट ६ इंचांचें माप ठरलें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी याच मापाची. कंपन्यांच्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें दिलेली. मग काटकसर कोणी करावी? तो भार तिजोरीस पेलेना, तेव्हां १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोनें मीटरचें स्वस्त माप पसंत केलें. पुढें कॅलथ्रॉप नामक इंजिनिअरानें १८९७ मध्यें बार्शीकडे २ फूट ६ इंचांचा चिमुकला मार्ग काढला. त्यास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. इतका स्वस्त नसता तर बार्शीस रूळच लाभते ना! परंतु खर्च वांचला तो एकदांच, आणि त्याचें व्याज मात्र शंभर वर्षें फेडावें लागलें.

लहानपणीं आम्हीं कुर्डुवाडीस गाडी कितीदां तरी बदलली आहे. पंढरीचा वारकरी गांठोडें घेऊन मोठ्या गाडींतून छोट्या गाडींत सहज जाई. पण पोतीं कांहीं पायांनीं चालत नाहींत. प्रत्येक पोतें हमालाच्या पाठीवरून एका डब्यांतून दुसऱ्यांत जावयाचें. त्यांत हमाली, तूट, पावसांत भिजणें, आणि रिकामा डबा मिळेपर्यंत तिष्ठणें! व्यापारी हिशेबास पक्का. लातूरच्या आडत्याच्या दारांतून तूर उचलून मुंबईच्या वखारीशीं उतरविणारी मालमोटार निघाल्यावर तो रुळांस कां चिकटून राहील? १९५१ च्या सुमारास देशांतील मालवाहतुकीचा चार पंचमांशांहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आज एक तृतीयांशही नाहीं. मापांचा भेद हें त्याचें एकमेव कारण नव्हे. उतारूंचें भाडें कमी ठेवून ती तूट मालाच्या भाड्यांतून भरून काढण्याचा प्रघातही तितकाच कारण आहे. (त्या स्वस्त तिकिटाचा लाभ आम्हींही यथेच्छ घेतला आहे!)

सर्व मार्ग एका मापाचे करण्याची योजना १९९२ पासून हातीं घेतली गेली. पूर्वजांची निवड निस्तरण्यांत एवढा पैसा जावा, याची आम्हांस हळहळ वाटे. पण २०१६ च्या एप्रिलांत लातुरास पाण्यावांचून लोकांचे प्राण कंठाशीं आले, तेव्हां मिरजेहून दहा टाक्यांची गाडी सुमारें ५ लक्ष लिटर पाणी घेऊन थेट लातुरास पोहोंचली. त्या टाक्या राजस्थानांतील कोट्यास धुऊन आणल्या होत्या. गाडी गेली ती कॅलथ्रॉपच्याच जुन्या, पण आतां रुंद केलेल्या वाटेनें. दहा वर्षांपूर्वीं कोट्याची टाकी त्या वाटेवर चढलीच नसती. पाणी वाटेंत उपसून छोट्या डब्यांत भरीत बसावें लागलें असतें. पुढें त्याच गाडीस पन्नास टाक्या लागल्या.